आमच्या आडाचा नमुना

पीएच.डी. करताना एका टप्प्यावर मला असं पाणी हवं होतं, ज्यात क्षार भरपूर आहेत पण पारा अजिबात नाही.

आमच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा एक द्रव बनवला जाई. कण इतके बारीक असतात की द्रव सोनेरी न दिसता डाळिंबाच्या रसासारखा लाल दिसतो. त्यात पारा असलेलं पाणी टाकलं की कण एकमेकांना चिकटतात आणि लाल रंग आधी जांभळा, मग निळसर करडा होत जातो. हा रंगबदल मोजणारी जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी आम्ही तयार केली होती. नमुना शहरातल्या मोठ्या यंत्रावर पाठवून निकालाची वाट पाहण्याऐवजी विहिरीच्या काठावरच काय ते कळावं, एवढाच तिचा उद्देश होता.

अडचण जड पाण्याची होती. पाण्यात क्षार जास्त असले तर पारा नसतानाही कण चिकटतात आणि पेटी फसते. त्यासाठी क्षारांना बांधून ठेवणारं एक रसायन आम्ही द्रवात घालू लागलो होतो. ते खरोखर काम करतं का, हे पाहायचं होतं. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "तुमच्या बीडकडचं पाणी जड असतं ना? तिथलं एखादं चांगलं पाणी आण. त्याच्याशी बाकीची तुलना करू."

मी म्हणाले, "आमच्या घरचा आड आहे. त्याचंच आणते."

आमचं गाव केज तालुक्यात. घर गावाच्या कडेला, बौद्धवस्तीत. आड माझ्या आजोबांनी खणला होता. त्यांच्या तरुणपणी गावच्या विहिरीवर आमच्या लोकांनी खाली उभं राहायचं आणि वरच्याने घागरीत पाणी ओतायचं, अशी रीत होती. धम्म स्वीकारल्यावर आजोबांनी आणि त्यांच्या भावांनी ठरवलं की आता कुणापुढे घागर धरायची नाही. मुरूम लागला, मग खडक लागला, मग पाणी लागलं. आड आमच्या अंगणात असला तरी पाणी सगळ्या वस्तीला मोकळं होतं. नळ आला, पण तो चार-आठ दिवसांनी सुटायचा. प्यायला आडाचंच पाणी. एका दुष्काळाच्या वर्षी टँकर वेळेवर येईना, तेव्हा गावातल्या जमीनदार घरातल्या बायकाही आमच्या अंगणात हंडे घेऊन आल्या. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तेव्हा दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. येणाऱ्या प्रत्येकीला दोर तेवढा नीट करून देत होते.

अण्णांचं काम बीपीची यंत्रं दुरुस्त करण्याचं. डॉक्टरच्या टेबलावर असतात ती, काचेच्या नळीत पारा चढणारी. तरुणपणी ते संभाजीनगरला एका दुकानात हे काम शिकले आणि मग गावी येऊन स्वतःचं सुरू केलं. नांदूरघाटपासून पार कड्यापर्यंतचे डॉक्टर त्यांना ओळखत. मोपेडच्या डिकीत पट्टे, रबरी फुगे, काचेच्या नळ्या आणि जाड बाटलीत पारा. खेड्यातल्या दवाखान्यात शिरले की डॉक्टर स्वतःची खुर्ची सरकवून त्यांना जागा देत. याचं त्यांना अप्रूप होतं. डॉक्टरांचं यंत्र खरं बोलतं की खोटं, हे आपल्या हातात आहे, असं ते म्हणत.

मी लहान असताना त्यांनी मला एकदा वाटीत पारा ओतून त्यावर नाणं ठेवून दाखवलं होतं. नाणं बुडालं नाही. मी ते बोटाने खाली दाबत राहिले आणि ते वर येत राहिलं. मी विज्ञानाकडे वळले त्यात त्या वाटीचा वाटा किती, मला सांगता येणार नाही. थोडा असावा.

गेल्या काही वर्षांत डॉक्टरांनी बॅटरीवरची यंत्रं घेतली. जुनी यंत्रं ते अण्णांना फुकट देऊन टाकत. अण्णांनी ती टाकली नाहीत. मागच्या खोलीत भिंतीला लागून यंत्रांची चळत उभी राहिली. त्यांतला पारा काढून, साफ करून, एकत्र करून ठेवायचा हेच मग त्यांचं रोजचं काम झालं. कामाची मागणी उरली नव्हती, पण हाताला सवय होती.

मी पेटी घेऊन गेले ते थंडीचे दिवस होते. सकाळी अंगणात पाटावर सगळं मांडलं. माय चुलीपुढे भाकरी थापत होती. नळीतला द्रव पाहून म्हणाली, "हे सरबत कशाचं गं?"

"सरबत न्हाई माय. सोनं हाय त्यात."

"मग बांगडी कर की एखादी."

आडाचं पाणी शेंदलं, गाळलं, नळीत घातलं. काही मिनिटांत द्रव जांभळा झाला. मला वाटलं, क्षारांचा परिणाम. आपलं रसायन कमी पडलं. ते वाढवून पुन्हा केलं. पुन्हा जांभळा. पेटीवरचा आकडा पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या बराच वर होता. मी मॅडमना फोन केला.

"जड पाणीच असणार," त्या म्हणाल्या. "पण तितकंच जड दुसरं पाणी तपासून बघ."

शाळेच्या बोअरचं पाणी आमच्या आडाइतकंच जड. त्या पाण्याने पातेल्याला आतून पांढरा थर धरतो, तसाच आमच्याही. ते आणून तपासलं. लालच राहिलं. संध्याकाळपर्यंत मी ते तीनदा आणलं. शाळेचं लाल, आमचं जांभळं.

तेव्हा मी मागच्या खोलीकडे पाहिलं. खोलीच्या दाराशी मोरी, मोरीचं पाणी शोषखड्ड्यात, आणि शोषखड्डा आडापासून चार पावलांवर. सरकारी योजनेतून आलेल्या माणसांनी तो खणला तेव्हा घरात कुणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं. मलाही नाही.

खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही, असं मी ठरवलं. मायला फक्त म्हणाले, "थोडे दिवस प्यायला शाळेचं पाणी आण."

"कावून?"

"आडात काहीतरी पडलंय वाटतं. तपासून सांगते."

वस्तीतल्या बायकांनाही तिने तेच सांगितलं. त्यांनी आडात वाकून पाहिलं, काही दिसेना, तेव्हा निम्म्या जणी पुन्हा तेच पाणी नेऊ लागल्या. मी बाटल्यांमध्ये नमुने भरले, पारा बाटलीला आतून चिकटू नये म्हणून त्यांत आम्लाचे थेंब टाकले आणि एसटीने परत निघाले. मोठ्या यंत्राचा निकाल यायला बरेच दिवस लागले. निकाल आला तेव्हा मॅडमनी मला खोलीत बोलावून कागद समोर ठेवला. आमच्या पेटीने सांगितलेला आकडा आणि यंत्राचा आकडा यांत फारसा फरक नव्हता.

"पेटी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद होता, आणि तो लपवायचा प्रयत्नही होता.

मी त्याच दिवशी गावी निघाले.

अण्णा मागच्या खोलीत स्टुलावर बसले होते. समोर काचेच्या भांड्यात पारा, त्यावर पातळ केलेलं तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल. मळलेला पारा ते असाच धूत. तेजाबात हलवायचा, वरचं पाणी ओतून द्यायचं, मग साध्या पाण्याने धुवायचा, मग मलमलच्या फडक्यातून गाळायचा. शिकवणाऱ्याने त्यांना असंच शिकवलं होतं. पुस्तकातही पद्धत हीच आहे. वरचं पाणी कुठे ओतायचं, ते मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी म्हणाले, "अण्णा, हे वरचं पाणी मोरीत टाकता ना?"

"मग कुटं टाकू?"

"आडाच्या पाण्यात पारा निघालाय."

ते हसले. "पारा पाण्यात विरघळत न्हाई. सगळं आयुष्य गेलं माजं ह्याच्यासंगं. तू मला सांगती व्हय?"

"नुसता न्हाई विरघळत. तेजाबात विरघळतो. मळ निघतो त्याच्यासंगं थोडा पारा बी जातो. दिसत न्हाई डोळ्याला."

"थोडा म्हंजी किती?"

"पाणी बिघडवायला पुरेल इतका."

अण्णा उठले. स्वतः आडाचं पाणी शेंदून तांब्यात घेऊन आले. "माज्यासमोर कर," म्हणाले. मी केलं. द्रव जांभळा झाला. त्यांना पटेना. शेवटी मी भांड्यावरच्या तेजाबाच्या पाण्याचा एक थेंब बादलीभर स्वच्छ पाण्यात टाकला आणि त्या बादलीतलं थोडं नळीत घातलं. लाल रंग डोळ्यांदेखत गेला. नळीत राखेसारखं करडं पाणी उरलं.

अण्णांनी नळी हातात घेऊन दाराच्या उजेडाकडे धरली. हात थरथरत होता. तो दोन-तीन वर्षांपासूनच थरथरायचा. चहा बशीत सांडायचा, सही वेडीवाकडी यायची. ओळखीच्या डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं होतं आणि आम्ही मान्य केलं होतं. पाऱ्याने हात थरथरू लागतात हे मी वाचलेलं होतं, तरी माझ्याही मनात कधी दुसरं काही आलं नव्हतं. त्या दुपारी त्या नळीकडे न बघता मी त्यांच्या मनगटाकडे बघत होते.

"लोकं पेतात की गं हे," ते म्हणाले.

"मी सांगते सगळ्यांना. मीटिंग घेऊ विहारात."

"तू न्हाई. माजं काम हाय ते."

मीटिंग त्यांनी नाकारली. एकदम सगळ्यांसमोर उभं राहिलं की माणूस अर्धं बोलतो आणि अर्धं गिळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि आम्ही घरोघर गेलो. प्रत्येक ओट्यावर ते आधी 'जय भीम' म्हणत, बसत, पाणी नको म्हणत आणि मग सांगत. "माज्या हातानं झालंय. मला म्हाईत न्हवतं. पर झालंय." मी कुणी विचारलं तरच बोलायची.

शेजारच्या काकूंना पटायलाच वेळ लागला. त्या म्हणाल्या, "पर पाणी तर गोड लागतं की." त्यांची सून पोटुशी होती. ती दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि माठ अंगणात आणून पालथा केला. अण्णा त्या ओल्या मातीकडे पाहत राहिले. दुसऱ्या एका घरात अण्णांच्या वयाचा माणूस संतापला. "तुज्या बापानं आड खणला आन् तू नासवला, बे," असं तोंडावर म्हणाला. अण्णांनी मान हलवली. त्यांनी स्वतःची बाजू कुठेच मांडली नाही. एका तरुण मास्तरांनी मात्र कागद मागितला, नीट वाचला आणि मला विचारलं, "मुलांच्या तपासण्या कुठे होतील?" त्या दिवसात कामाचा असा तो एकच प्रश्न होता.

शेवटी आम्ही गावात, त्या जमीनदार घरी गेलो. त्यांचं स्वतःचं बोअर होतं, पण उन्हाळ्यात ते आटलं की त्यांचा गडी अजूनही आमच्या आडावरून कॅन भरून नेई. घरमालक अण्णांपेक्षा थोडे लहान, गावच्या राजकारणात असलेले. त्यांनी आम्हाला ओसरीवर खुर्च्या दिल्या, सगळं ऐकून घेतलं. चेहरा बदलला नाही.

"बरं केलं सांगितलंत," ते म्हणाले. "आमच्या लेकरायला काही हुईल का?"

मी सांगितलं की पाणी फक्त उन्हाळ्यात गेलं आहे, धोका कमी असावा, पण लघवीची तपासणी करून घेतलेली बरी. तपासणीसाठी वस्तीतल्यांची नावं आम्ही देतोय, तुमचीही देते.

ते थोडा वेळ मिशीवरून बोट फिरवत राहिले. मग अण्णांना म्हणाले, "आमची नावं नका देऊ. तपासायचं तर आमी आमचं बाहेर तपासू. आमच्या घरात तुमच्या आडाचं पाणी येत हुतं, हे कागदावर कावून पाहिजे?"

अण्णा उठले. "बरं," म्हणाले. घरी आल्यावर सदरा काढून खुंटीला लावताना एवढंच म्हणाले, "मला वाटलं हुतं, त्या दुष्काळाच्या साली सगळं मिटलं."

तपासण्या झाल्या. मास्तरांनी मुलांना गोळा केलं, मॅडमनी शहरातल्या ओळखीतून नमुने पाठवायची सोय केली. मुलांचं बहुतेक ठीक निघालं. काकूंच्या सुनेचंही मर्यादेत होतं. पुढे तिला मुलगी झाली, धडधाकट. मायच्या लघवीत पारा जास्त होता. अण्णांच्या सगळ्यांत जास्त, आणि तो पाण्यातून कमी, त्या बंद खोलीतल्या हवेतून जास्त गेलेला, असं डॉक्टर म्हणाले. खोलीत पाऊल ठेवायचं नाही, हा पहिला इलाज. अण्णांना काही काळ दवाखान्यात ठेवून औषधं दिली. नंतर थरथर कमी झाली, गेली नाही. आता ते चहा सांडत नाहीत. शर्टाचं वरचं बटण मात्र माय लावून देते.

खोली साफ करणं हे स्वतंत्र काम झालं. आमच्या प्रयोगशाळेतले दोघे मास्क आणि हातमोजे घेऊन आले. फरशीच्या फटींमधून पाऱ्याचे मणी निघत राहिले. पारा बांधला जावा म्हणून त्यांवर गंधकाची पूड टाकली, मोरीखालची माती खणली, शोषखड्डा रिकामा केला. अण्णा अंगणात खुर्चीवर बसून पाहत होते. त्यांना जवळ येऊ देत नव्हतो. मधूनच ते ओरडून सांगत, "त्या कोपऱ्यात बाटली फुटलती एकदा, तिथं बघा!" आणि तिथे खरंच सापडायचा.

आडावर सिमेंटचा स्लॅब टाकायचं ठरलं. गवंडी आला त्या दिवशी अण्णा लवकर उठून अंघोळ करून तयार झाले आणि काम सुरू व्हायच्या आधी विहारात जाऊन बसले. स्लॅब ओतून झाल्यावरच परत आले. नमुना घेता यावा म्हणून मी एक पाइप ठेवायला सांगितला होता, झाकणासह. त्यांनी झाकण उघडून पाहिलं, बंद केलं. मास्तरांनी पाठपुरावा केला म्हणून पुढे वस्तीला नळाची वेगळी टाकी मिळाली. ती विहाराच्या मागे उभी आहे आणि तिचं पाणी रोज सुटतं. ज्या माणसाने अण्णांना 'बे' म्हणून सुनावलं होतं, तोच त्या टाकीचं पाणी सोडायचं काम पाहतो. अण्णांशी तो बोलतो, पण आमच्या अंगणात येत नाही.

आमचा शोधनिबंध छापून आला. त्यात आमचा आड 'घरगुती उथळ विहीर' असा आहे, एका तक्त्यात, खालून दुसऱ्या ओळीत. तुलनेसाठी शाळेचं बोअर वापरलं. मॅडम म्हणाल्या की पेटीचा याहून चांगला पुरावा मिळाला नसता, आणि ते खरं आहे. एका परिषदेत मी हा तक्ता दाखवला तेव्हा कुणीतरी विचारलं, "हा स्रोत तुम्हाला कसा सापडला?" मी म्हणाले, "योगायोगाने." पुढचा प्रश्न क्षारांबद्दल होता. त्याचं उत्तर मी सविस्तर दिलं.

मी सुटीत जाते तेव्हा पाइपमधून पाणी काढून तपासते. आकडा कमी होत चाललाय. अजून पिण्यासारखा नाही. अण्णा शेजारी उभे राहून रंग पाहतात आणि तो बदलायला किती वेळ लागला ते विचारतात.

खणलेली माती, पाऱ्याची बाटली, गंधक लावलेला कचरा, फुटलेल्या नळ्या, हे सगळं झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपांत भरून ठेवलंय. ते कुठे न्यायचं, हे तालुक्याच्या कचेरीत कुणाला माहीत नव्हतं. जिल्ह्याहून एक साहेब आले, त्यांनी पिंपांचे फोटो काढले, वास घेऊन पाहिला. पाऱ्याला वास नसतो, हे मी सांगितलं. "वर कळवतो," ते म्हणाले आणि चहा घेऊन गेले. मागच्या खोलीला आता कुलूप असतं. पिंपं आत आहेत. किल्ली मायकडे आहे, अण्णांना ती देत नाही.